वंशाची चिंता आणि मुलाची सही

२०२५ च्या जून महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने एक अंतरिम आदेश दिला. त्याची बातमी बहुतेक मराठी घरांत वाचली गेली असेल, आणि वाचून झाल्यावर मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून तो अंक घडी घालून बाजूला ठेवलाही गेला असेल. हकीकत थोडक्यात अशी. एका अविवाहित तरुणाला कर्करोग झाला. औषधांनी पुढे संतती होण्याची शक्ती जाण्याचा संभव, म्हणून उपचारांपूर्वी त्याने आपले वीर्य मुंबईतील एका केंद्रात गोठवून ठेवले. तेथे एक छापील अर्ज भरावा लागतो. आपण हयात नसाल तर या साठ्याचे काय करावे, असा त्यात एक प्रश्न असतो. ‘नष्ट करावा’ या उत्तराखाली त्याने सही केली. २०२५ च्या फेब्रुवारीत तो वारला. वय अवघे एकवीस. मग आईने केंद्राकडे तो साठा मागितला. केंद्राने त्या सहीकडे बोट दाखवले. आई न्यायालयात गेली. मुलाने ती सही घरात कोणाला न विचारता केली, असे तिचे म्हणणे. न्यायालयाने त्या दिवशी एवढेच सांगितले की, अर्जाचा निकाल लागेपर्यंत साठा जपून ठेवावा. तो नष्ट झाला तर निकाल देण्यासारखे काही उरणारच नाही.

या बातमीवर आमच्या कानांवर जे बोलणे आले त्यात दोन तट होते. एक म्हणे, त्या माउलीचे काळीज कोणी पाहावे की नाही? दुसरा म्हणे, कायदा तो कायदा. पण आम्हांस राहून राहून वाटत होते ते तिसरेच. एकवीस वर्षांचा मुलगा, आदल्या आठवड्यात ज्याला आपल्या दुखण्याचे नाव कळले, तो त्या कागदासमोर बसला तेव्हा त्याच्याशी या विषयावर नीट बोलले कोण? आई म्हणते, त्याने विचारले नाही. खरे असेल. पण आपल्या घरांतून मुलाने असे काही विचारावे अशी सोय आपण ठेवली आहे काय? त्या मुलाला निदान कोणी तरी केंद्रापर्यंत पोचवले. पुष्कळ मुले तेथवर पोचतच नाहीत. उपचार होतात, मुलगा बरा होतो, सगळे देवापुढे नारळ ठेवतात, आणि पाचसहा वर्षांनी लग्नाचे बोलणे निघाले की तो एकटाच गप्प बसू लागतो. या दोन गोष्टी, वेळेवर विचारले न जाणे आणि विचारले तरी त्याच्या सहीला किंमत न देणे, आम्हांस एकाच संकोचाची दोन रूपे वाटतात.

शब्दांपासूनच पाहा. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या कागदांत ‘गोठीत रेतमात्रा’ हा शब्द वर्षानुवर्षे रुळलेला आहे. आपल्या शेजारी खेडा-आणंदच्या दुधाच्या मुलखात तर ‘बीजदान’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द. मोटारसायकलीला बांधलेले चंदेरी पिंप घेऊन बीजदानवाला गावात येतो, पिंपातून वाफाळणारी बारीक कांडी काढतो, आणि ती कोणत्या वळूची, त्याच्या आईचे दूध किती, याची चर्चा ओसरीवर म्हातारी माणसे, सुना, पोरेसोरे यांच्यासमक्ष होते. कोणाला लाज वाटत नाही, वाटायचे कारणही नाही. म्हशीच्या बाबतीत ज्या घराची जीभ इतकी मोकळी, त्याच घरात पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र ‘ते’, ‘तसले’, ‘तुला समजले ना’ यापलीकडे भाषा जात नाही. वास्तविक आपल्या भाषेत हे बोलण्याची वाट घालून दिलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवले, खटले सोसले, दंड भरले, आणि मराठीत शरीराविषयी साधे, नागवे नव्हे तर स्वच्छ, लिहिता येते हे दाखवून दिले. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांचे शब्द मात्र उचलले नाहीत.

वीर्य गोठवण्याची ही विद्या आहे तरी किती जुनी? द्रोणाचार्यांची जन्मकथा सांगून हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. भरद्वाजांचे वीर्य द्रोणात ठेवले आणि त्यातून पुत्र झाला, ही कथा आहे. कथा म्हणून ती थोर आहे. पण कोठल्याही कथेत थंडी नाही, आणि सगळी मेख थंडीत आहे. इटलीतील स्पालान्झानी याने १७७६ च्या सुमारास बर्फात थंड केलेल्या वीर्यातील शुक्राणू निश्चेष्ट होतात हे पाहिले. त्याच देशातील मांतेगाझा याने १८६६ मध्ये अशी कल्पना मांडली की, रणात जाणाऱ्या शिपायाचे वीर्य गोठवून ठेवले तर तो पडल्यावरही त्याच्या पत्नीला त्याचे मूल होऊ शकेल. म्हणजे युक्ती साधण्याच्या कितीतरी आधी ती मेलेल्यांसाठी वापरण्याचा विचार माणसाच्या मनात आला होता! हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

युक्ती साधली १९४९ मध्ये, लंडनजवळच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत, आणि तीही निम्मी दैवाने. पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि पार्क्स हे तिघे कोंबड्याच्या वीर्यावर प्रयोग करीत होते. साखरेचे द्रावण समजून घेतलेल्या एका बाटलीने चमत्कार केला. गोठवलेले शुक्राणू वितळल्यावर वळवळू लागले. तपासून पाहतात तो बाटलीत साखर नव्हतीच. ग्लिसरीन होते आणि अंड्यातला पांढरा भाग. ग्लिसरीनचा गुण असा की ते पाण्याचे धारदार स्फटिक होऊ देत नाही. पेशी थंडीने मरत नाही, आतल्या पाण्याच्या सुयांनी टोचून मरते. शुक्राणूच्या अंगात मुळातच पाणी थोडे, म्हणून तो या परीक्षेला इतर पेशींपेक्षा लवकर उतरला. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात बंज आणि शर्मन यांनी माणसाच्या गोठवलेल्या वीर्यापासून गर्भ राहिल्याचे जाहीर केले. आज हे काम द्रव नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर होते. तेथे काळ जवळजवळ थांबतो. एकवीस वर्षे ठेवलेल्या वीर्यापासून इंग्लंडात निकोप मूल झाल्याचे २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. पिंप विजेवर चालत नाही. नायट्रोजनची भर मात्र नेमाने घालावी लागते. गोठताना आणि वितळताना बरेच शुक्राणू मरतात, कधी निम्म्याहून अधिक. पूर्वी ही मोठी अडचण होती. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भ साधल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून थोडक्या, दुबळ्या साठ्यालाही किंमत आली. ज्या मुलाचा नमुना तपासून ‘यात काही दम नाही’ असे एके काळी म्हटले असते, त्याचाही आज ठेवण्याजोगा असतो.

हे सगळे कोणासाठी? शहरांतून हल्ली धडधाकट तरुणांनाही ‘भविष्याचा विमा’ म्हणून ही सोय विकण्याची टूम निघाली आहे. तिच्याविषयी आमचे मत फारसे बरे नाही. निरोगी पंचविशीतल्या मुलाने वर्षागणिक भाडे भरण्यापेक्षा तंबाखू सोडावी. नसबंदीपूर्वी, किंवा लांबच्या नोकरीमुळे, कोणी ठेवतो, ते त्याचे तो पाहील. खरी गरज आहे ती कर्करोगाच्या आणि तत्सम उपचारांना सामोऱ्या जाणाऱ्या मुलांची. वृषणाचा कर्करोग हा पंधरा ते पस्तीस या वयातच अधिक होणारा. हॉजकिनचा रोग आणि रक्ताचे काही कर्करोगही तरुणांना गाठतात. सुदैवाने यांतले पुष्कळ आज बरे होतात. पण जी औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात, त्यांना रोगाची पेशी आणि शुक्राणू घडवणारी पेशी यांतला फरक कळत नाही. शुक्राणू घडायला सुमारे सत्तर दिवस लागतात, आणि ते घडवणारे मूळचे बी शाबूत राहिले तर काही महिन्यांनी, काही वर्षांनी कारखाना पुन्हा चालू होतो. बीच जळाले तर होत नाही. सायक्लोफॉस्फामाइडच्या जातीची औषधे मोठ्या प्रमाणात दिली, किंवा त्या भागावर किरण दिले, तर धोका अधिक. कोणाचे परत येईल आणि कोणाचे नाही, हे आधी छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच ठेवायचे ते पहिल्या मात्रेच्या आधी. मात्रा सुरू झाल्यावर घेतलेल्या वीर्यात औषधाने बिघडलेले शुक्राणू असण्याची भीती असते, आणि मग डॉक्टरही नको म्हणतात.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्येच आपल्या सभासदांना लेखी सूचना दिली की, उपचार ठरवतानाच रुग्णाशी संततीविषयी बोलावे. आपल्याकडे काय होते? बडोद्याहून, इंदूरहून, बेळगावहून माणूस परळला ‘टाटा’त न्यायचा ठरतो. बरोबर बाप, मामा, एखादा हुशार मेहुणा. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: जगेल ना? तो प्रश्न पहिला असणे स्वाभाविक आहे. पण त्याच्या मागून दुसरा येतच नाही. डॉक्टर घाईत असतात. आईबापांना वाटते, जिवाशी गाठ असताना असले काय काढायचे. आणि मुलाला वाटते, सगळे आपल्या जिवासाठी रडत असताना आपण हे विचारले तर आपल्याला काय म्हणतील. नमुना देणे हे एका दिवसाचे, वेळ असेल तर दोनतीन दिवसांच्या अंतराने दोनदा करायचे काम. त्यासाठी उपचार थांबवावे लागतात अशी वेळ क्वचित. हे काम अडते ते संकोचापायी.

येथे एका गोष्टीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. गाणे शिकवणाऱ्याला मुलांचे एक वय फार जवळून दिसते. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. काल तारसप्तकात सहज फिरणारा गळा आज मध्यमावरच अडखळतो, मुलगा शरमेने गायचे टाकतो, आणि त्याला समजावावे लागते की, बाबा, गळा गेलेला नाही, मोठा होतो आहे. दोन वर्षे खर्जाची मेहनत कर. आईबापांनाही हे सांगावे लागते आणि ते समजूतदारपणे ऐकून घेतात. तो आवाज ज्या रसामुळे फुटतो त्याच रसाने त्या वयात शुक्राणूही घडू लागतात. म्हणजे मुलाला मिसरूड फुटून आवाज घोगरा झाला असेल तर, तो पंधरा वर्षांचा का असेना, केमोपूर्वी हा प्रश्न त्याच्यासंबंधी उभा राहतो. त्याच्या आवाजाबद्दल आपण बोलतो. याबद्दल बोलत नाही. त्याहून लहान मुलांसाठी अजून खात्रीचा उपाय नाही. वृषणातील कणभर ऊती काढून गोठवण्याचे प्रयोग चालू आहेत. वयाच्या दहाव्या वर्षी अशी ऊती ठेवलेल्या एका तरुणाच्या शरीरात ती पुन्हा बसवल्याचे ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. तो प्रयोग आहे, त्याला उपाय म्हणण्याची वेळ यायची आहे.

अशा मोठ्या मुलाशी बोलायचे तर बापाने खोलीबाहेर जावे, हे आम्ही स्पष्टच लिहितो. बाप वाईट असतो म्हणून नव्हे. बापासमोर मुलगा ‘हो’ म्हणतो ते बापासाठी, ‘नको’ म्हणतो तेही बापासाठी. नमुना हस्तमैथुनाने द्यायचा असतो, हे त्याला डॉक्टरने किंवा परिचारकाने सरळ शब्दांत सांगावे; ज्या सवयीबद्दल त्याने आजवर फक्त धाक ऐकला, तीच आज वैद्यकाच्या उपयोगी पडते आहे हे ऐकून त्याच्या मनावरचे अर्धे ओझे उतरेल. परक्या जागी, दुखण्याच्या भीतीने, ते जमले नाही तर त्याला नामर्द ठरवू नये. सुईने थेट वृषणातून शुक्राणू काढण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. हे सांगणारे एक माणूस प्रत्येक कर्करोग विभागात असावे, एवढी मागणी आम्ही करतो.

आता सहीकडे. २०२१ मध्ये संसदेने सहाय्यित प्रजननाचा कायदा केला. त्यात लेखी संमतीवर सगळा भर आहे. मृत्यू आला किंवा माणूस बेशुद्धावस्थेत गेला तर साठ्याचे काय करावे हे लिहून घ्यावे, आणि साठा वापरला जाण्यापूर्वी केव्हाही संमती मागे घेता यावी, असे त्यात आहे. पण ज्याने काहीच लिहिले नाही, किंवा जो अविवाहितच गेला, त्याच्या साठ्यावर हक्क कोणाचा, यावर आपल्या न्यायालयांचेही एकमत झालेले नाही. २०२१ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने एका पित्याची मागणी फेटाळली. मृत मुलाचे वीर्य त्याचे स्वतःचे होते, त्यावर त्याच्या पश्चात हक्क असलाच तर पत्नीचा, बापाचा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. २०२४ च्या ऑक्टोबरात दिल्ली उच्च न्यायालयाने नेमके उलट केले. कर्करोगाने गेलेल्या अविवाहित तरुणाचा साठा म्हणजे त्याची मालमत्ताच होय असे मानून तो वारस म्हणून आईबापांच्या हवाली करण्याचा आदेश दिला. त्याचा व्यापार करू नये, एवढी अट घातली. आणि मग मुंबईचे प्रकरण, ज्यात मुलाने स्वच्छ लिहून ठेवले होते.

परदेशांतही हेच. फ्रान्समध्ये आलँ पार्पाले नावाच्या तरुणाने वृषणाच्या कर्करोगावरील उपचारांपूर्वी १९८१ मध्ये वीर्य ठेवले होते. तो १९८३ च्या नाताळात वारला, लग्नानंतर अवघ्या दोन दिवसांनी. पत्नीने साठा मागितला, केंद्राने नाकारला. १९८४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने पत्नीच्या बाजूने निकाल दिला. एवढा गाजावाजा होऊन अखेर गर्भ राहिला नाही. पुढे तेथे कायद्यानेच मृताचे वीर्य वापरण्यास बंदी झाली. इंग्लंडात डायान ब्लड हिचा पती १९९५ मध्ये मेंदूज्वराने बेशुद्ध असताना त्याचे वीर्य घेतले गेले. त्याची लेखी संमती नव्हती, म्हणून वापरण्यास मनाई झाली. १९९७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तिला ते बेल्जियमला नेण्याची परवानगी दिली आणि तिला दोन मुलगे झाले. पुण्याची गोष्ट तर वाचकांस आठवत असेल. जर्मनीत शिकत असलेल्या तरुणाने २०१३ मध्ये मेंदूच्या गाठीवरील उपचारांपूर्वी वीर्य ठेवले. तो २०१६ मध्ये गेला. २०१८ मध्ये त्याच्या आईने दुसऱ्या स्त्रीच्या उदरातून जुळी नातवंडे मिळवली. त्या मुलाने आपल्या पश्चात आईला आणि बहिणीला अधिकार दिला होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. तसे असेल तर त्या मायलेकांच्या मध्ये बोलण्याचा कोणाला अधिकार? पण त्याच आईचे उदाहरण देऊन, ज्याने ‘नष्ट करा’ लिहिले त्याच्या आईलाही तेच द्या असे म्हणणारे, दोन सह्यांतला फरकच पाहत नाहीत.

महाभारतात सत्यवतीची कथा आहे. ती स्वतः मोठ्या विचित्र रीतीने जन्मलेली. उपरिचर राजाने पानात घालून ससाण्याबरोबर पत्नीकडे धाडलेले वीर्य यमुनेत पडले, मासोळीने गिळले, तिच्या पोटी ही जन्मली. या सत्यवतीचा मुलगा विचित्रवीर्य निपुत्रिक मेला. गादी रिकामी. तिने व्यासांना बोलावले आणि सुनांकडे पाठवले. वंश चालला खरा. पण त्या रात्री अंबिकेने डोळे मिटून घेतले आणि अंबालिका भयाने पांढरीफटक पडली, हे व्यासांनीच लिहून ठेवले आहे. त्या दोघींना कोणी विचारले नव्हते. मेलेल्या विचित्रवीर्याला तर विचारणे शक्यच नव्हते. आईचे दुःख खोटे नव्हते. तिची निकड गादीची होती. आजच्या बातम्यांतली आई गादीसाठी रडत नाही, मुलासाठी रडते, आणि म्हणूनच तिच्यापुढे बोलताना जीभ अडखळते. तरी विचारावेसे वाटते की, जन्माला येणारे मूल हे मूल म्हणून यायचे आहे की गेलेल्याची रिकामी जागा भरायला? त्याच्यावर त्या जागेचे ओझे किती असेल?

आणि वंश म्हणजे रक्तच, हे तरी आम्ही संस्थानी गावच्या लोकांनी इतक्या छातीठोकपणे म्हणावे काय? दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ मध्ये सातारा घेतला, पुढे नागपूर आणि झाशी घेतली. ‘रक्ताचा वारस नाही म्हणून घर बुडाले’ हा कायदा आपला नव्हता, डलहौसीचा होता. आपल्या रिवाजात दत्तकाने घर चाले. बडोद्याला ते सांगायला नकोच. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा मांडीवर घेतला आणि तो सयाजीराव झाला. या शहरातील शाळा, ग्रंथालय, आणि आमची पोटापाण्याची गायनशाळा, ही सगळी त्या दत्तकाची पुण्याई. गवयांच्या घराण्यांतही मुलगा गाईलच असे नाही. फैयाजखाँसाहेबांची गायकी रातंजनकरांनी लखनौपर्यंत नेली ती रक्ताच्या नात्याने नव्हे. हे लिहिण्याचा हेतू मुलाने वीर्य ठेवू नये असे सांगण्याचा नाही. उलट, ठेवावे, आणि ते त्याच्या स्वतःच्या उद्याच्या संसारासाठी ठेवावे. घराण्याची ठेव म्हणून नव्हे. तो जगला तर ते त्याचे. तो न जगला तर त्याने जे लिहिले ते.

युद्धाच्या छायेतील देशांनी याविषयी कायदे केले आहेत. युक्रेनमध्ये सैनिकांना वीर्य ठेवण्याची सोय देणारा जो कायदा आधी झाला, त्यात सैनिक मरताच साठा नष्ट करावा असे होते. लोकांत फार क्षोभ झाला, आणि २०२४ च्या आरंभी तो बदलून मृत्यूनंतर तीन वर्षे साठा सरकारी खर्चाने राखावा असे ठरले. तीन वर्षे ही मुदत आम्हांस शहाणपणाची वाटते. दुःखाचा पहिला लोंढा ओसरू देणारी. आपल्या कायद्यात अशी मुदत घालावी, आणि अविवाहित तरुणाच्या बाबतीत त्याच्या लेखी इच्छेपलीकडे कोणाचा वारसा चालणार नाही हेही त्यात एकदा स्पष्ट लिहावे. दर वेळी एखाद्या आईने वकील करून न्यायालयाच्या पायऱ्या चढायच्या आणि कलकत्त्यात एक, दिल्लीत दुसरे ऐकायचे, ही रीत क्रूर आहे.

अर्ज भरताना पाळण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. मरणोत्तर प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी, घाईत, पहिल्या ओळीवर खूण करून देऊ नये. विचाराला एक रात्र मागून घ्यावी. लग्न झाले, मोडले, मन बदलले, तर नवा अर्ज द्यावा. घरात एकाला तरी सांगून ठेवावे की, मी असे असे लिहिले आहे. मग पुढे कोणी ‘त्याने विचारले नाही’ म्हणणार नाही. कायद्यात दात्याच्या बीजाला आणि गर्भाला दहा वर्षांची मर्यादा आहे. स्वतःसाठी ठेवणाऱ्याने आपली मुदत किती आणि ती वाढवायची कशी, हे केंद्राकडून लेखी घ्यावे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून दर दहा वर्षांनी संमती नवी करून पंचावन्न वर्षांपर्यंत ठेवता येते. सोळाव्या वर्षी ठेवणाऱ्या मुलाचा विचार केला तर ही मर्यादा योग्य म्हणावी लागेल. पत्ता बदलला की केंद्राला कळवावे. हे क्षुल्लक दिसते, पण भाड्याची पत्रे जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतात आणि साठ्याचा धनी सापडत नाही.

कारण ठेवणाऱ्यांपैकी परत येऊन तो वापरणारे थोडेच असतात, असा सगळीकडचा अनुभव आहे. काहींचे दुर्दैव. पण पुष्कळांची शक्ती आपोआप परत येते. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूने १९९६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, वृषणाच्या कर्करोगावरील केमोपूर्वी वीर्य ठेवले होते. त्यापासून त्याला तीन मुले झाली. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक औषधांपायी त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, तो भाग वेगळा. त्याची धाकटी दोन मुले मात्र, २००९ आणि २०१० मध्ये, पिंपाच्या मदतीवाचून जन्मली. तोवर आपल्याला पुन्हा असे मूल होणार नाही, अशीच त्याची समजूत होती.